ह्यांची बसकण

७ डिसेंबर १९९६, शनिवार
डॉक्टर म्हणाले, हे रोज किती चालले ते लिहून ठेवा. मी म्हटलं, चौथी शिकलेय, जमेल तसं लिहीन. आमच्या पोरीच्या, राजनंदिनीच्या, जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली.

दिवाळीआधी ह्यांना अटॅक आला. तेव्हापासून हे नुसते खाटेवर. आज पहाटे पाचला उठवलं. लगेच कुरकुर – "तीस वर्षं मार्केटात पोती वाहिली मी. मला कसला व्यायाम शिकवतेस?" मी म्हटलं, पोती वाहून हृदय चांगलं राहतं तर अटॅक का आला?

शिरवण्याहून कारखान्यांच्या रस्त्याला लागलो. नाल्यावरच्या मोरीपर्यंत गेलो, तर हे कठड्यावर बसले. "दम लागला." एवढ्यात!

९ डिसेंबर
मोरी. बसले. परत आलो.

१२ डिसेंबर
कारखान्यांच्या गॅसचा वास असा, की नासक्या कोबीचं पोतं तोंडावर बांधल्यासारखं. डोळ्यांतून पाणी. मोरीपाशी माझ्याच पाठीत कळ आली, दोन खांद्यांच्या मधे. गॅसमुळेच. बोलले नाही. हे तर बसलेच होते.

परत आलो तर घरमालकीण पुतळाबाई दारात – "अगो, पाटंचे गॅस सोरतान ते! ऊन परल्याव जा!" इतके दिवस बघत होती, आज सांगते! मी म्हटलं, आम्ही साताऱ्याकडची माणसं, पहाटेच उठतो. तर म्हणे, "तुजे सासूच्या दारान कारखाना हाय का?"

१४ डिसेंबर
डॉक्टरही ओरडले. "त्या हवेत चालवलंत? धुराने हृदयावर आणखी ताण येतो. वास असेल त्या दिवशी बाहेर पडू नका. ऊन पडू दे, कारखान्यांपासून लांब चाला."

मीच मूर्ख. माणसाला बरं करायला निघाले आणि रोज धुरात नेत होते. लिहायला लाज वाटते. पण लिहिलं.

१७ डिसेंबर
आठ वाजता निघालो. नेरूळच्या खाडीकडचा नवा रस्ता. हवा बरी. झाडं अजून पिंजऱ्यात, गुडघ्याएवढी.

आणि हे तिथंही बसले! पाण्याच्या टाकीपाशी. "दम लागला गं." मला संताप आला. म्हटलं, लोकं बघतायत. बायको पुढं आणि पैलवान मागं! हे हसले. "तूपण टेक जरा. पोलिसासारखी काय उभी राहतेस?" बसले मग. पाठीला तेवढंच बरं वाटलं.

२१ डिसेंबर
चारदा बसले. चारदा! आता मोजतेच मी.

२४ डिसेंबर
आज वास नाही, काही नाही, तरी चढावर मला कळ आली. डाव्या हाताला मुंग्या. पित्त असणार – काल वांग्याचं भरीत खाल्लं. तेवढ्यात हे बसले म्हणून बरं झालं, नाहीतर मलाच थांबावं लागलं असतं.

२८ डिसेंबर
डॉक्टरांनी ह्यांच्या छातीची ती ईसीजीची कागदी पट्टी काढली. "उत्तम! अर्धा तास न थांबता चालू शकतील." मी म्हटलं, अहो, हे चारदा बसतात! डॉक्टर ह्यांच्याकडे बघतात, हे खिडकीकडे. मग म्हणतात कसे, "डॉक्टर, हिचीपण पट्टी काढा." मला काय धाड भरलीय! उठले आणि चालू पडले.

रिक्षात तोंड सोडलं मी. कसली नाटकं ही? जगायचंय का नाही? पोरीचं लग्न व्हायचंय, तेवढं तरी बघा! हे रस्ताभर माझा हात धरून बसले. भर दिवसा!

३० डिसेंबर
ह्यांच्या मार्केटातल्या हमालांच्या टोळीतला सुभाष आला. हे दाढी करायला गेलेले. मी सगळं ओकले. बसका झालाय तुझा आप्पा, म्हटलं. सुभाष आधी हसला. मग एकदम हसायचा थांबला.

"वैनी, आप्पा टोळीत कधी बसायचे, ठावं हाय का?"

मला काय ठाऊक!

"पाठीवर पोतं असलेल्या गड्याला 'तू दमलास' म्हणायचं नसतं आमच्यात. त्याचा अपमान व्हतो. कुणाचे पाय लटपटले का आप्पा आपलंच पोतं आधी उतरवायचे. 'थांबा रं, मला दम लागला.' मग समदेच बसायचे. नवा हुतो तवा माझ्यापायी किती येळा बसलेत!"

चहा गाळायचा राहिला. तो गेल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. मोरी. टाकी. चढ.

माझ्याच अक्षरात लिहिलंय सगळं.

३१ डिसेंबर
चढ यायच्या आधी आज मीच बसले. म्हटलं, मला दम लागला. ह्यांनी रिक्षाला हात केला.

दवाखान्यात पट्टी माझी काढली. ती निघेपर्यंत हे दारात उभे होते. नर्सने दोनदा स्टूल पुढं केलं. बसले नाहीत.