वीस अंशांची खूण

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. घरी सगळे ठीक आहेत. आत्याचा गुडघा ठीक नाही, पण तिची जीभ ठणठणीत आहे. दुकानाला नवीन काच बसवली. जिना रंगवला. चार वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी आजारी नाही.

दुकानात हल्ली एक बाई कामाला आहे. वयाने माझ्याएवढीच, हात चांगला आहे. मागच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका नवा चष्मा घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "फरशी उतरती दिसते." बाई न बघताच म्हणाली, "आठ दिवस घाला, सवय होईल."

आम्ही सगळे चष्मेवाले हेच म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

मी तो चष्मा यंत्राखाली धरला. तिरका नंबर असला की काच ठरावीक कोनात बसवावी लागते. काच उलट बाजूने धरून खूण केली, तर वीस अंशांचे एकशेसाठ होतात. नंबर बरोबर, काच बरोबर, फक्त जमीन कलते. बाईचं तेच झालं होतं. ती मागच्या खोलीत जाऊन बसली. म्हणाली, "मला काढून टाका. त्या पडल्या असत्या तर?"

मी म्हटलं, "पडल्या नाहीत. ऊठ, तोंड धू, दुसरी काच घे. पुढच्या वेळी शंका आली की मला हाक मार."

माझा आवाज मऊ होता. तो माझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. तुझ्याशी मी त्या आवाजात बोलले नाही.

आता सांगते. बाबांचा शेवटचा चष्मा मी केला होता. ते रोज म्हणायचे, "अगं, जमीन अंगावर येते. तुझ्या चष्म्याने मला न पिताच चढते." मी हसून म्हणायचे, "बाबा, आठ दिवस." सहाव्या दिवशी ते जिन्यावरून पडले. घरी त्यांच्याजवळ तू असायचास; तेव्हा अर्ध्या तासासाठी केस कापायला गेला होतास.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडून तो चष्मा तपासला. वीसऐवजी एकशेसाठ. शटर ओढून घरी आले. आत्या तुला म्हणत होती, "केस कापायला तेवढाच मुहूर्त सापडला?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "अर्धा तास थांबला असतास तर."

हे वाक्य चष्मा तपासून आल्यानंतरचं आहे.

बाबा चष्म्यामुळेच पडले, हे सिद्ध करता येणार नाही. या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली. तू घर सोडलंस, तेव्हाही ते पुरलं.

बाईला जे बोलले ते स्वतःशी बोलून पाहिलं. नीट जमत नाही. पण एक केलं. दुकानात बसून मी स्वतःचे डोळे चार वर्षं तपासले नव्हते. जुन्या चष्म्यानेच दुसऱ्यांच्या काचा घासत होते. परवा बाईला तपासायला लावलं. नंबर पाऊणने वाढलाय. चष्मा तिनेच केला. खूण करण्याआधी तिने काच दोनदा फिरवून पाहिली. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

काल आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय मिळवलंस?" तिने शेंगा सोलायला घेतल्या. अर्ध्या सोलून झाल्यावर म्हणाली, "त्याचा फोन अजून तोच आहे का गं?"

मी हो म्हटलं. खात्री नव्हती.

ती फोन करील. तिला माफी मागता येत नाही. आधी तुझ्या तब्येतीवरून बोलेल, मग ओरडेल. तिला पुरं बोलू दे. मला उत्तर लिहायचं की नाही ते तू ठरव. नाही लिहिलंस तर का, हे मला विचारावं लागणार नाही.

अर्धा तास केस कापायला जाणं हा गुन्हा नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

ताई