बाबांसाठी फार्महाऊस

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.१०
निर्णय झाला. मागच्या अंगणात बाबांसाठी स्लीपआउट, म्हणजे झोपायची वेगळी खोली, बांधणार. दुकानातलं तयार शेड नव्हे. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने इंग्लंडला गेलो तेव्हा साडेचारशे वर्षांचं एक फार्महाऊस पाहिलं होतं, त्याची छोटी आवृत्ती. ओकचा सांगाडा, मधल्या चौकटींत काटक्या आणि माती, आणि अख्ख्या सांगाड्यात एक खिळा नाही. लाकडात खाच, खाचेत दुसऱ्या लाकडाचं टोक, आरपार लाकडी खुंटी. बस.
आमच्या फ्लॅट बुश उपनगरात सगळी घरं एका साच्यातली. आमचं उठून दिसेल.
बाबांना प्रायव्हसी मिळेल. त्यांची खोली रिकामी होऊन तिथे माझी स्टडी होईल, हा निव्वळ योगायोग.
माझी बायको निवेदिता म्हणाली, बाबांनी प्रायव्हसी मागितली कधी? काही माणसं मागत नाहीत. मुलाला कळावं लागतं.

३ फेब्रुवारी
निवेदिताची नवी शंका. बाथरूम घरात, बाबांचे गुडघे दुखरे, आणि इथल्या हिवाळ्यात, जुलैतल्या ओल्या गवतातून बावीस पावलं. मी स्वतः मोजली. अठराच आहेत. शिवाय चालणं चांगलं.

७ फेब्रुवारी, शनिवार
लाकूड आलं. ओक मिळेना म्हणून पाइन. लांबून फरक कळत नाही.
बाबा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून बाहेर आले, लाकडावरून हात फिरवला, वास घेतला. म्हणाले, मी करू का मदत? त्यांनी साताऱ्यात चाळीस वर्षं शाळांची बाकं बनवली. ऑफिसात मी त्यांना टिंबर कन्सल्टंट म्हणतो, आणि ते खोटं नाही. पण बाकं वेगळी, हेरिटेज आर्किटेक्चर वेगळं. तरी मन मोडवेना. भुसा झाडायचं आणि खुंट्या तासायचं काम दिलं. खूश झाले.

१२ फेब्रुवारी
पहिली खाच पाडली. पटाशी नीट नाही. दुसरी आणली. तीही नीट नाही.

१६ फेब्रुवारी
ऑफिसातून आलो तर अकरा खाचा तयार. बाबा भुसा झाडत होते. एकदा योग्य सुरुवात करून दिली की काम कसं आपोआप पुढे सरकतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
आज नंबर घातले. ते फार्महाऊस दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, सुतार आधी सगळा सांगाडा जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर रोमन आकडा कोरायचे, मग सुटा करून जागेवर एका दिवसात उभा करायचे. चार हा आकडा ते चार उभ्या रेघांनी लिहायचे. अडाणी असणार बिचारे. मी शुद्ध IV कोरला.
मग बघतो तर बाबांनी आधीच सगळ्या टोकांवर पेन्सिलीने मराठी आकडे घातलेले. १, २, ३, ४. सोळाव्या शतकात हे असलं चालेल का? रंधा घेतला आणि सगळे साफ केले. सानिका ट्रॅम्पोलीनवरून म्हणाली, "दॅट्स मीन, डॅड." बारा वर्षांच्या मुलीला ऑथेंटिसिटी काय कळणार.
बाबांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि ते आत गेले.

२८ फेब्रुवारी
पुढच्या शनिवारी उभारणी. बॉस आणि टीममधल्या पाच जणांना बोलावलंय. ‘स्वीट ॲज, डेव्ह’, म्हणजे झकास, बॉस म्हणाला. देवव्रत त्यांना जमत नाही.

७ मार्च, शनिवार. दुपारी ४.००
उभारणी तूर्त स्थगित.

८ मार्च
शांतपणे विचार केल्यावर लिहितोय.
चार नंबरचा खांब उलटा धरला तर IV चा VI दिसतो. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. म्हणजे त्या चार रेघा ओढणाऱ्यांच्या आलं असेल. चौथ्या खांबाच्या जागी सहावा गेला, सहाव्याच्या जागी चौथा, आणि मी वरची तुळई हातोडीने ठोकून बसवायला लागलो. बाबा दोनदा ‘थांब’ म्हणाले. सगळा सांगाडा सावकाश बार्बेक्यूवर कलला. कोणाला लागलं नाही. सॉसेजेस गेली.
पाहुण्यांपुढे काहीतरी सांगणं भाग होतं. मी इंग्लिशमध्ये, हळू आवाजात सांगितलं की लाकडं वडिलांनी मिसळली, वय झालंय, डोकं हल्ली चालत नाही. बाबांना इंग्लिश येत नाही, तेव्हा दुखावण्याचा प्रश्न नव्हता.
सानिकाने त्यांना मराठीत सांगितलं. "डॅड म्हणतो, आजोबाचं डोकं गेलं." दोन वर्षं तिच्या मागे लागलो होतो, एक तरी पूर्ण वाक्य मराठीत बोल म्हणून.

९ मार्च
बाबा माझ्या बहिणीकडे, मेधाकडे, माउंट रॉस्किल उपनगरात गेले. चार दिवसांसाठी. तिचं भाड्याचं घर, दोन खोल्या, दोन मुलं. कसं जमवणार देव जाणे.
स्टडी लावून टाकली. उजेड उत्तम आहे.

१४ मार्च
निवेदिता आणि सानिका ट्रेलर आणून सगळं लाकूड मेधाकडे घेऊन गेल्या. जळणाला हवं असेल. मी अडवलं नाही.

२२ मार्च, रविवार. दुपारी २.३०
आम्ही तिघं बाबांना आणायला गेलो होतो.
मेधाच्या बैठकीत पलंग आहे. माझ्याच पाइनचा, खुंट्यांचा, एक खिळा नाही. खाली मुलांची पुस्तकं. बाबा म्हणाले, भाड्याचं घर, कधीही हलावं लागतं, म्हणून सगळं सुटं होतं आणि पुन्हा जोडता येतं. प्रत्येक सांध्यावर आकडा आहे, १ ते ८. अक्षर सानिकाचं. ४ थोडा वाकडा आलाय. उभा करायला त्यांना अर्धा दिवस लागला. मी हलवून पाहिला. हलत नाही.
मी म्हटलं, चला बाबा, तुमची खोली मोकळी करून देतो.
"नको," ते म्हणाले. "तिथे खोली होती म्हणून तू मला तिच्यातून काढलंस. इथे खोलीच नाही."
मेधाने चहा दिला. सानिका आठवडाभर तिथेच राहते म्हणाली. निवेदिताही थांबली.
मी एकटाच मोटरवेने परत आलो आणि आता स्टडीत बसलोय. उद्या ऑफिसात बॉस बाबांबद्दल विचारणार. काय सांगायचं ते ठरलंय. बाबांना प्रायव्हसी हवी होती.