नवख्यांचा वर्ग

माय, आता मी तुझ्याहून वयानं मोठी झाले. तू पन्नाशीही न गाठता गेलीस आणि मी शाळेतून निवृत्त होऊन अमरावतीच्या घरात बसलेली म्हातारी आहे. जन्मभर पोरांची भाषा सुधारता सुधारता माझीच पुस्तकी झाली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कायले पेपरासारखी बोलून राहिली व पोट्टे?" तर सांगायचं ते असं की तुझं दुखणं माझ्यात आलं. तेच ते. पाय फाकवून चालणं, वळताना भिंत शोधणं, बोलताना जीभ जड होणं. तुला त्याचं नाव कोणी सांगितलं नाही, मला नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग हळूहळू सुकत जातो, औषध नाही. हा रोग आईकडून लेकरात येऊ शकतो, सगळ्यांत येतोच असं नाही, पण आला तर पुढच्या पिढीत लवकरही येऊ शकतो म्हणाले. हे सगळं त्यांनी माझ्या लेकीसमोर सांगितलं. मला त्यांचा भारी राग आला, पण डॉक्टरवर रागावून काय होतं.

तुला अकोल्याची दालमिल आठवते? मी तुझा डबा घेऊन आले आहे, फाटकाशी उभी आहे. तू तुरीचं टोपलं डोक्यावर घेऊन येतेस आणि सपाट फरशीवर एका अंगाला झुकतेस. टोपलं पालथं होतं. मुकादम येतो, सगळ्या बायांसमोर तुला तोंड उघडायला लावतो आणि वास घेतो. "सकायपासूनच लावून आली का व?" तू म्हणतेस, "मी घेत नाही दादा. मले काय होऊन राहिलं, मलेच समजत नाही." तो हसतो, बायाही हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तुला काम नाही. त्या दिवशी तू माझा खांदा धरून घरी आलीस. मग चुलीपुढं बसलीस, भाकर थापता थापता मला म्हणालीस, "एका पायावर उभी राय बरं." मी राहिले. तू टक लावून पाहिलंस आणि मला गुळाचा खडा दिलास. पुढे कितीतरी वर्षं हे चालू होतं. मला तो खेळच वाटायचा, आणि गूळ मिळतो म्हणून मी आवडीनं खेळायची. तू काय तपासत होतीस ते मला साठीच्या घरात आल्यावर समजलं. पोरगी धड आहे असं समजून तू निवांत गेलीस. तसं नव्हतं माय, पण तुला ते कळलं नाही हे एक बरं झालं.

दवाखान्यातून आल्यावर लेकीनं कुठूनसं शोधून काढलं की आपल्या विहाराच्या हॉलमध्ये रविवारी वंदना झाली की ताई-चीचा वर्ग भरतो. चिनी व्यायाम आहे. उभ्या उभ्या करायचा, अगदी सावकाश, श्वास सांभाळत. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याहून शिकून आल्या आहेत आणि नवख्यांना गोड बोलून शिकवतात. "समोरचे ढग दोन्ही हातांनी बाजूला सारा," म्हणतात. आपल्या लोकांना सावकाश काही जमतं का? एक निवृत्त काका आहेत, ते दोन मिनिटांत सगळे ढग सारून मोकळे होतात आणि खुर्चीवर जाऊन बसतात. "झालं न माह्यं," म्हणतात. पहिल्या दिवशी मी आणि लेक इतक्या हसलो की मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. मी एकटी गेले नसते म्हणून लेकही शिकायला उभी राहिली. व्यायामानं चालणं थोडे दिवस जास्त टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते. टिकत नाहीये. आधी मी खुर्ची जवळ ठेवून उभी राहायची, आता खुर्ची घट्ट धरून राहते. मोरीत दोनदा पडले. यातून काही निघणार नाही हे मला कळतं, लेकीलाही कळतं, तरी रविवार आला की आम्ही तयार होतो.

लेक कोचिंग क्लासला शिकवते, दिवसभर फळ्यापुढं उभी असते. रक्त तपासून घे म्हटलं तर म्हणाली, "तपासून काय करू आई? औषध देऊन राहिले का ते?" तिचं खरं होतं. मागच्या महिन्यात मॅडमनी सगळ्यांना एका पायावर उभं केलं. मी खुर्ची धरून होते, मला दुसरं काम नव्हतं, मी लेकीकडं पाहत होते. तिनं पाय उचलला आणि ती झुकली. एका अंगाला, अगदी तुझ्यासारखी. हात भिंतीकडं गेला, भिंत लांब होती. "फरशी गुळगुळीत आहे," ती हसून म्हणाली. मी तिच्या पायांकडं पाहिलं. दोन्ही पाय टेकवूनही ती ते फाकवूनच उभी होती, आणि किती दिवसांपासून तशी उभी राहते हे मला आठवेना. मला वाटलं मी तिथंच मरते तर बरं. मेले नाही. वर्ग संपल्यावर सगळ्यांसोबत चहा घेतला.

परवा नवख्यांमधून पुढच्या वर्गासाठी निवड झाली. ते घाईवाले काकासुद्धा पुढं गेले. मॅडम मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या मुलीला सगळं पाठ झालंय. तिला पुढं जाऊ द्या." लेक म्हणाली, "नाही मॅडम, आमी इथंच बऱ्या." ऑटोत बसल्यावर, बाहेर पाहत, मी विचारलं नसताना ती म्हणाली, "नवख्यायमंधी बरं असते आई. तिथं सगळ्यायचाच तोल जाते." मी तिचा हात हाती घेतला.

हे लिहिलेलं तिच्या हाती लागू द्यायचं नाही, फाडून चुलीत घालीन म्हणते, पण आता घरात चूलही नाही. एक तुलाच सांगते. मी वर्गात आता व्यायाम करतच नाही. खुर्ची धरते आणि लेकीकडं नजर जाऊ नये म्हणून डोळे मिटून घेते. मॅडमना वाटतं माझं ध्यान लागलं. नव्या लोकांना त्या माझ्याकडं बोट दाखवून सांगतात, बघा, असं शांत उभं राहता आलं पाहिजे.