छकुलीसाठी पाहिलेलं घर

रॉटरडॅम
९ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बाबांना,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईनं मोबाईलवर काढलेल्या पत्राच्या फोटोत या वेळी तिचा अर्धा अंगठा आलाय, त्यामुळे शेवटच्या चार ओळींत तुम्ही आशीर्वाद दिलात की रागावलात ते कळलं नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येईनासं झालं म्हणून हा पत्रांचा खटाटोप सुरू झाला. आता मला तो फोनपेक्षा आवडतो.

माझी तब्येत उत्तम. सतरावा आठवडा संपत आला. उलट्या थांबल्या, भाकरी गोड लागते, फक्त ज्वारीचं पीठ आणायला ट्रामनं अर्धा तास जावं लागतं.

काल आम्ही तिसरं घर पाहिलं. इथं घर पाहायला वीस मिनिटं मिळतात. आत जाताना पायांत निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायच्या आणि पुढच्या जोडप्याची बेल वाजली की निघायचं. हे घर कालव्याजवळच्या जुन्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना इतका उभा की आपल्या माळ्याची शिडी बरी. पण मागच्या बाजूला एक लहान खोली आहे आणि तिच्या खिडकीला झाडाच्या फांद्या टेकतात. त्या खोलीत ऋत्विक छताकडे पाहत उभे राहिले. मला कळलं, त्यांनी मनात पाळणा टांगून पाहिला.

घरमालकीण ऐंशीच्या पुढची आजी आहे. तिला जिना चढवत नाही म्हणून विकते आहे. इथं जो तो घराची किती किंमत देणार ते बंद पाकिटात लिहून देतो आणि मालक त्यातून निवडतो. सोबत आपण कोण, हे घर का हवं, असं पत्र लिहायची पद्धत आहे. मागच्या दोन वेळा आम्ही दोघांच्या नोकऱ्यांबद्दल लिहिलं आणि दोन्ही घरं गेली. तुम्ही चाळीस वर्षं मुलांकडून पत्रलेखन करून घेतलंत. मी काय लिहू, सांगा.

आईला नमस्कार. अंगठा बाजूला ठेवायला सांगा.

तुमची
अनु


देऊळगाव राजा
१२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. अनुपमास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी रागावलो नव्हतो. तुझ्या आईचा अंगठा माझी बदनामी करतो.

पत्रात नोकऱ्या लिहू नकोस. त्या बाईनं तिथं संसार केला. आपल्यामागून कोण राहायला येणार, एवढंच तिला जाणून घ्यायचं असेल. बाळ येणार आहे आणि ती लहान खोली त्याच्यासाठी हवी आहे, हे साध्या शब्दांत लिही. खरं आहे ते लिहायला कसली लाज?

आता माझं खरं. तुझं पत्र वाचून मी जरा वेळ ओट्यावर जाऊन बसलो. तू गेलीस तेव्हा तीन वर्षं म्हणाली होतीस. सात झाली. भाड्याच्या घरातून माणूस कधीही उठून येतं, स्वतःच्या घरातून येत नाही. तुला अडवायचं म्हणून लिहीत नाही. वाटलं ते लिहिलं.

तुझ्या आईला पत्र वाचून दाखवलं. पोळ्या झाल्यावर हातवारे करून मला विचारू लागली, की एवढ्याशा घरात बाळाले आंघोळ कोठी घालतीन? जिन्याचं सांगितलं तर म्हणाली, की साखरखेर्ड्याच्या वावरात ती अजून शेडनेटमध्ये बियाण्यासाठी मिरचीच्या फुलांचं क्रॉसिंग करायला दिवसभर उभी राहते, जिन्याले काय भेते? बाळंतपणाला ती येणारच. मुंबईला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आली, तेव्हापासून मला अडाणी समजते.

जपून राहा. लोभ आहे तो लिहून दाखवायचा नसतो, तरी लिहितो.

बाबा


रॉटरडॅम
२० मार्च २०२४

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, घर मिळालं!

तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलं. माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये, एकच पान. दलालानं सांगितलं की आजीनं बाकीची पत्रं बाजूला सारली आणि म्हणाली, त्या खोलीत माझी तिन्ही मुलं वाढली, तिथं पुन्हा बाळ येऊ दे. करारावर सह्या झाल्या. ३ जूनला नोटरीकडे शेवटची सही आणि किल्ली. आम्हाला कायद्याची डच येत नाही म्हणून तिथं दुभाषी बसणार आहे.

दुसरी बातमी आईनं फोनवर ऐकलीच असेल. मुलगी आहे. आई तेव्हापासून माझी चौकशीच करत नाही. फोन उचलला की छकुली काय करून राह्यली, एवढंच.

इथं बाळंतपणानंतर आठ दिवस घरी नर्स येते. तिची पाठ दुखू नये म्हणून पलंगाखाली ठोकळे ठेवून तो उंच करावा लागतो. आईला सांगितलं तर म्हणाली, की बाळंतीण माळ्यावर चढवणारे हे लोक कोण? ती १ जुलैला येते आहे. तुम्हीही या ना. तुम्हाला ऐकू येत नाही ही सबब मी मानत नाही. इथलं ऐकून तसंही काही कळत नाही.

बाबा, घर घेतलं म्हणून मी परकी होत नाही. त्या दिवशीचं तुमचं ओट्यावर जाऊन बसणं माझ्या मनातून जात नाही.

माया राहू द्या, थोडा राग राहिला तरी चालेल.

तुमची
अनु


रॉटरडॅम
१९ मे २०२४

तीर्थरूप बाबांस,
ऋत्विकचा साष्टांग नमस्कार.

काल आईंना फोन केला, पण त्या तुम्हाला कसं सांगतील याची काळजी वाटली म्हणून लिहितो आहे.

गुरुवारी अनुला बाळाची हालचाल जाणवेना. दवाखान्यात गेलो. ठोके थांबले होते. शुक्रवारी, १७ तारखेला, दुपारी बाळंतपण झालं. एकतिसावा आठवडा होता. कारण डॉक्टरांना सांगता आलं नाही. कुणाचं काही चुकलं नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणाले. त्यांनी तिला दिवसभर एका टोपलीत आमच्याजवळ ठेवलं. केस पुष्कळ होते.

इथं अशा बाळाचीही नोंद होते. पालिकेतल्या बाईंनी नाव विचारलं. आम्ही ठरवलेलंच नव्हतं. आई म्हणायच्या तेच मी सांगितलं. कागदावर छकुली असं नाव आहे. मंगळवारी इथल्या स्मशानभूमीत, लहान मुलांच्या भागात दफन आहे.

अनु शरीरानं ठीक आहे. पण ती रडलेली नाही. दूध आलं तेव्हाही नाही. ती म्हणते, की त्या आजीनं बाळासाठी घर दिलं, आता मी कोणत्या तोंडानं किल्ली घेऊ? तिला ते घर नको आहे. करार झालेला आहे, आता मागे फिरता येत नाही, हे मी तिला सांगू शकत नाही आणि न सांगूनही चालत नाही.

तिचा एक निरोप आहे. आईंना येऊ देऊ नका. बाळच नाही, तर त्या कशासाठी येतील, असं ती म्हणते. मला काय वाटतं ते मला कळत नाही.

तुमचा
ऋत्विक


देऊळगाव राजा
२१ मे २०२४

चि. अनु,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. तरी तो आहेच.

तुझा निरोप मी तुझ्या आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, की बाळ नाई म्हून बाळंतीण नाई काय? तिनं तिकीट अलीकडचं करून घेतलं आहे. १ जूनला पोचेल. तिला अडवायची ताकद माझ्यात नाही आणि मी अडवणारही नाही. माझ्या जेवणाचं शेजारची सुचिता पाहते.

आता एक गोष्ट सांगतो. ती तुला कोणीच सांगितली नाही, कारण ती मी या घरात कोणाला बोलूच दिली नाही.

तुझ्याआधी चार वर्षं, १९८६ च्या आषाढात, आम्हाला मुलगी झाली होती. मी तेव्हा साखरखेर्ड्याच्या शाळेत होतो. ती जन्मली तीच गेलेली. तुझ्या आईनं तिला क्षणभर पाहिलं असेल, मग सुईणीनं ती माझ्या हातात दिली. मी कुदळ घेतली, एकटाच वावरात गेलो, आणि पुरून आलो. परत आल्यावर तुझ्या आईला म्हणालो, झालं ते झालं, आता हा विषय काढायचा नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुलांना गणित शिकवलं. तिनं विषय काढला नाही. मला वाटलं, विसरली. मला तसं वाटायला हवं होतं म्हणून वाटलं.

त्या मुलीला आम्ही नाव ठेवलं नाही. कुठं ठेवली, ते तुझ्या आईनं अडतीस वर्षांत विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ऋत्विकरावांचं पत्र वाचलं, कागदावर नाव आहे हे वाचलं, आणि म्हातारा माणूस मी, पत्र हातात धरून मोठ्यानं रडलो. मला माझाच आवाज ऐकू आला नाही. तुझी आई मात्र स्वयंपाकघरातून धावत आली.

तू गप्प राहू नकोस. मी राहिलो, त्यानं कोणाचंच भलं झालं नाही.

तुझा
बाबा


रॉटरडॅम
१६ जून २०२४

अनुच्या बाबाईले कौशल्याचा नमस्कार.

चौथीपर्यंत शिकलेलीचं अक्षर हाय, मास्तर, लाल रेघा मारू नका. हे पत्र टपालानंच धाडते. फोटो काढून सुचिताच्या मोबाईलवर यावं असं नाई हे.

मी आली तवा अनु दारात उभी होती. पोट उतरलेलं, तोंड मातीवानी. मले म्हणे, आई तू काऊन आली? मी म्हणली, तुले तेल लावाले आली. रोज अंग रगडून देते. इथं शेगडी नाई, तर तव्यावर फडकं तापवून शेकते. डिंकाचे लाडू आणले होते. पयले दोन दिवस तिनं हात लावला नाई.

तीन तारखेले, सोमवारी, किल्ली घ्याले गेलो. ते घरवाली म्हातारी आलती. तिनं अनुच्या पोटाकडं पाह्यलं. अनु खाली पाहून काईतरी बोलाले लागली, ते तिले पुरं बोलताच आलं नाई. म्हातारीनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. मंग ऋत्विकरावाईले काई सांगतलं. त्याईनं मले मराठीत सांगतलं का म्हातारीलेई एक चौथं लेकरू होतं, ते राह्यलं नाई, अन् घर तुमचंच हाय असं म्हणून राह्यली. मले तिची बोली येत नाई, तिले माही येत नाई. आम्ही दोघी तिथल्या बाकड्यावर बसून राह्यलो.

घरात गेल्यावर अनु त्या लहान खोलीत पाय ठेवेना. तिनं त्या खोलीचं दार लावून टाकलं. म्या माही गादी त्याच खोलीत टाकली. तिसऱ्या दिवशी तेल लावाची येळ झाली तरी मी बाहेर आली नाई. मंग तेच आली. दारात उभी राहून विचारलं, आई, तुही पयली कशी दिसत होती?

मले आजवर कोणी विचारलं नोतं. मी सांगतलं. गोरी होती. बोटं लांब, तुमच्यावानी. डावा कान जरा मुडपलेला. एवढंच पाह्यलं म्या, पण ते काई गेलं नाई डोयातून. अनु माह्या मांडीवर डोकं ठेवून अशी रडली का खालच्या मजल्यावरची बाई वर आली पाहाले. रडू दिलं. मीबी रडली. मंग तिनं लाडू खाल्ला.

आता ते त्या खोलीत येऊन बसते. खिडकीले पडदा लावला. काल आम्ही तिघं छकुलीकडं जाऊन आलो. लहानशी जागा हाय, दगडावर नाव हाय. अनु म्हणते पुढच्या महिन्यापासून कामावर जाईन. मी तवर हाय.

तुमचं पत्र अनुनं मले वाचून दाखवलं. तुमी लिवलं का मी विसरली असं तुमाले वाटलं. अन् कुठं ठेवली ते मी विचारलं नाई. काऊन विचारू? त्या दिवशी तुमी वावरातून आले तवा तुमच्या चपलेले पांढरी माती होती. आपलं सारं वावर काळं हाय. पांढरी माती एकाच जागी, नाल्याकडच्या हिवराच्या झाडाखाली. मी सव्वा महिन्यानं उठली तवाच गेलती तिथं. मंग दरसाल आषाढात जाते. तुमाले वाटे मी वावर निंदाले गेली.

तुमाले सांगाचं होतं, पण तुमीच विषय काढू नको म्हणलं होतं. मले राग होता तुमचा. लय वर्षं होता. तुमी रडले ना त्या दिवशी, तवापासून तो कुठं गेला कोन जाने.

गोळ्या येळेवर घ्या. सुचिताले आळणी भाजी कराले सांगा.

तिच्यासाठी एक नाव शोधून ठेवा. तुमी मास्तर हाय, चांगलं शोधा. मी येईतवर आषाढ लागून जाईन, पण मी आली म्हणजे दोघं संग जाऊ हिवराखाली. एकटे नका जाऊ.

तुमची
कौशल्या