मालेम्बेला घाबरवताना

प्रिय लिओन्टीन,

तू पाठवलेली सुकी मासळी आणि साबण पोचला. होडीवाल्यानं तुझा निरोपही दिला, तोही हसत हसत: "वहिनी म्हणाल्या, कॅम्प बंद झाला, साहेब निघून गेले, मग हा तिथं कुणासाठी राहिलाय? माझी आई म्हणते, दुसरी ठेवली असेल." आईंना सांग, दुसरी आहे. केसाळ आहे, पोट सुटलंय, आणि तिनं माझ्या वाऱ्यालाही उभं राहू नये म्हणून मी दिवसभर धडपडतोय.

मालेम्बे. नावासारखीच हळूबाई. गोरिलांनी माणसाला बुजू नये म्हणून बोंदो आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्या मागे फिरलो. जिभेनं टकटक करत जायचं, म्हणजे आम्हीच आलोय हे त्यांना कळायचं. ती पहिल्यांदा माझ्यासमोर निवांत पाला खात बसली, तेव्हा मी घरी येऊन तुला झोपेतून उठवलं होतं. "एवढ्यासाठी उठवलंस?" म्हणून तू कूस बदललीस.

परदेशातली मदत थांबली आणि बाकीचे घरी गेले. मग एके दिवशी दलदलीकडून बंदुकीचा आवाज आला. कळपातला तरुण नर गेला. तो पळालाच नव्हता, लिओन्टीन. चिखलातल्या खुणा बघून बोंदो म्हणाला, "बसून होता रे तो. त्याला वाटलं, आपणच आलो." त्यानंतर बोंदो जंगलात आला नाही.

तेव्हापासून मी एकटाच जातो. टकटक करत नाही. पातेली बडवतो, ओरडतो, ढेकळं फेकतो. बाकीचे लांब राहू लागले. मालेम्बे मात्र मान तिरकी करून माझ्याकडे बघत बसायची, जणू मलाच काही दुखतंय. एकदा ढेकूळ तिच्या खांद्याला लागलं. तिनं खांदा चोळला आणि तिथंच बसून राहिली. आणि हे सांगायचं तरी कुणाला?

आज सकाळी मी नुसता वाटेवर दिसलो आणि ती किंचाळली. पिलाला छातीशी धरून धूम पळाली. तिच्यामागे सगळा कळप. हेच तर मला हवं होतं. तरी मी बराच वेळ तिथंच ओंडक्यावर बसून राहिलो.

आता इथं माझं काही काम उरलं नाही. पुढच्या होडीनं घरी येतोय. आधी लिहितोय ते एवढ्याचसाठी, की मी नेहमीसारखा हसत दारात आलो नाही तर तुझ्यावर रुसलोय असं समजू नकोस. पोरं धावत येऊन गळ्यात पडतील, तेव्हा माझे डोळे भरले तर त्यांना काहीतरी सांगून आत ने. काही दिवस मला काही विचारू नकोस. नुसती जवळ बस.

तुझाच,
जेर्वे