युनिक्स नावाचा सभासद

रविवार, ३ ऑक्टोबर १९९३

ही डायरी जानेवारीत एका बियाणेवाल्याने फुकट दिली होती. नऊ महिने कोरी ठेवली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार. साखर कारखान्यात युनिक्स आली, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम!

पुण्याचा इंजिनिअर गेल्या आठवड्यात मशीन, चार टर्मिनल आणि पाच जाडजूड मॅन्युअलं लावून गेला. जाताना तीन गोष्टी बजावल्या. एक, रोज टेपवर बॅकअप घ्यायचा. दोन, रूटचा पासवर्ड कोणाला द्यायचा नाही. रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याला काहीही करता येतं. तीन, शटडाऊनची कमांड दिल्याशिवाय बटण बंद करायचं नाही. तिन्ही मला माहीतच होत्या, पण माणूस लांबून आला होता म्हणून ऐकून घेतलं.

चेअरमन धनसिंग आप्पांनी शब्द दिलाय. दसऱ्याला गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते. त्या दिवशी कोणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी कॉम्प्युटरमधून निघाली, की छगन कायम. चार वर्षं हंगामी म्हणून काढली. कायम झालो की चाळीसगावचं स्थळही पक्कं. मुलीचे वडील मोतीलालभाऊ रेल्वेत आहेत. त्यांचा एकच प्रश्न असतो, नौकरी पक्की शे का?

उद्यापासून रोज बॅकअप. रोज मॅन्युअलची वीस पानं.

सोमवार, ४ ऑक्टोबर

बॅकअप घेतला नाही. पितृपक्ष चालू आहे, नवीन काम कसं सुरू करणार? दसऱ्याचा मुहूर्त आहेच. मॅन्युअल मात्र हाती घेतलं. प्रिंटरचं टेबल डुगडुगत होतं, दुसरा खंड पायाखाली बरोब्बर बसला.

बुधवार, ६ ऑक्टोबर

संचालक वना नाना एसीत बसायला आले. बाहेर ऊन मी म्हणतंय, त्यामुळे हल्ली माझ्या केबिनबाहेर चपलांचा ढीग असतो. नानांना त्यांच्या गटातल्या गावांची फाईल बघायची होती. एंटर मी त्यांनाच दाबू दिलं, तेवढाच मान. स्क्रीनवर आलं, परमिशन डिनाइड. नानांनी अर्थ विचारला आणि मी सांगितला. सांगायला नको होता.

नाना उठून उभेच राहिले. कोन शे हाऊ, म्हणाले. पंधरा वर्षं संचालक आहे, आणि माझ्याच कारखान्यात मला परवानगी नाकारणारा हा कोण टिकोजीराव? नाव सांग त्याचं.

मशीनच्या वतीने मी माफी मागितली. दोन वेळा चहा पाजला.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

उपाय सापडला! मुळात कोणाला नाही म्हणायचंच कशाला? सकाळी एक कमांड सोडली. आता मशीनमधली कुठलीही फाईल कोणीही उघडावी, बदलावी, पुसावी. मशीनने बऱ्याच तक्रारी केल्या, पण त्या इंग्रजीत होत्या.

सहकार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

शनिवार, ९ ऑक्टोबर

नवीन पेच. नानांना जे मिळालं तेच आप्पांनाही, मग चेअरमनपद कशाला? आप्पा नुसते माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला कळतं. रूटचा पासवर्ड आप्पांना दिला. चेअरमनपेक्षा मोठा युजर मशीनमध्ये असणं तसंही बरं दिसत नव्हतं.

सोमवार, ११ ऑक्टोबर

व्हाइस चेअरमनना कळलं. त्यांनाही दिला. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? वना नानांना तर मी स्वतः नेऊन दिला. एकूण सतरा रूट. कोणी रुसलेलं नाही. सर्वसाधारण सभेतसुद्धा एवढी एकी मी पाहिली नव्हती.

इंजिनिअर पुण्याचा. त्याला खानदेशातला मानपान काय कळणार?

मंगळवार, १२ ऑक्टोबर

शेतकी खात्याच्या लोटन आबांनी वाचलेली यादी टाईप करून संपवली. दोन हजार दोनशे चौदा ऊस उत्पादक, गावांसह, लागणीच्या तारखेसह. आबा नोंदवहीतून वाचत होते. या माणसाला प्रत्येक गोष्ट वहीत लिहून खाली समोरच्याची सही घ्यायची खोड आहे. जुनं खोड, दुसरं काय.

आबांना समजुतीच्या सुरात म्हणालो, आता या वहीचं काम संपलं. आबांनी तेही वहीत लिहिलं आणि माझी सही घेतली.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

सकाळी मशीन म्हणाली, जागा संपली. घाबरलो नाही. संचालकांनी मनाला येईल ते भरून ठेवलंय. एकाने पुतण्याच्या लग्नाच्या आहेराची यादीच सहा वेळा ठेवलीय.

परवा घट बसणार. आईने घरातलं भांडं न् भांडं, गोधड्या, डबे, सगळं बाहेर काढून धुतलं. नको ते बोहारणीला दिलं. म्हटलं, आपणही मशीन तशीच धुऊन काढू. फाईली एकेक करून बघितल्या. अगदी वरच्या डिरेक्टरीत, म्हणजे दारातच, एक भलीमोठी फाईल पथारी पसरून बसलेली. नाव युनिक्स.

मी घाईचा माणूस नाही. आबांना वही घेऊन बोलावलं. आबांनी अ पासून ज्ञ पर्यंत बोट फिरवलं. युनिक्स नावाचा सभासद नाही, गाव नाही, ऊस टोळीही नाही. मला वाटलं, सिस्टीमची असेल का? पण सिस्टीम आपण विकत घेतलीय, तिचं खोकं कपाटात कुलूपबंद आहे. ही कोणीतरी केलेली जास्तीची कॉपी असणार. पुसली. आबांनी वहीत लिहून घेतलं, मी लफ्फेदार सही केली.

मशीन चालूच राहिली. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

मशीन फास्ट झाली असं मला वाटतं. एक-दोन कमांडी मात्र अडून बसल्यात, युनिक्स फाईल कुठाय म्हणून विचारतात. साहजिक आहे. घरातलं एखादं कपाट हलवलं की आपणही दोन दिवस तिथेच हात घालतो. होईल सवय.

बुधवार, २० ऑक्टोबर

मोतीलालभाऊंचं पत्र. दसऱ्याला स्वतः कारखान्यावर येतायत, मला कामावर बघायला. कार्यक्रमात आप्पांच्या हस्ते मला कायमची ऑर्डर मिळेल तेव्हा ते पहिल्या रांगेत बसलेले असावेत, अशी व्यवस्था केली. नवीन शर्ट शिवायला टाकला. खिसा मोठा ठेवायला सांगितलं, ऑर्डर दुमडावी लागू नये.

इंजिनिअरने मशीन अडली तर लावायला म्हणून दोन फ्लॉप्या दिल्या होत्या. नुसत्याच पडून होत्या. पुसून त्यांच्यावर निमंत्रणपत्रिका घेतली. काटकसर हवी.

शनिवार, २३ ऑक्टोबर, खंडेनवमी

कारखान्यात शस्त्रपूजा. फिटर लोकांनी पाने, पक्कड, ग्रीसगन मांडल्या. माझ्या मशीनला मीच हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आप्पा म्हणाले, आजच्या दिवशी हत्याराला विश्रांती हवी, मशीन बंद ठेवा. मी लगेच बटणाकडे हात नेला नाही. आधी शटडाऊनची कमांड दिली, मशीनने सुरक्षित आहे असं सांगितल्यावरच बटण बंद केलं. नियम म्हणजे नियम. इंजिनिअरने हे बघायला हवं होतं.

उद्या यादी, उद्या ऑर्डर.

रविवार, २४ ऑक्टोबर, दसरा

सकाळी ७.१०. बटण दाबलं. मशीन म्हणते, युनिक्स सापडत नाही.

७.२५. परत दाबलं. तेच म्हणणं.

७.४०. आठ वेळा दाबलं. मशीन चुकीच्या फाईलसाठी हट्ट धरून बसलीय. बाहेर दीडशे ट्रॅक्टर, बैलगाड्या, सनई. शेतकरी यादी मागतायत. कोणाचा नंबर पहिला, यावर दोन गावांची आत्ताच जुंपलीय.

८.१५. वना नाना म्हणाले, काल नारळ वाढवला नव्हता, म्हणून रुसली. नारळ वाढवला. रुसवा गेला नाही.

८.३०. पुण्याला फोन. इंजिनिअर घरीच होता. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग त्याने हळूच विचारलं, ती फाईल कोणी पुसली? मी म्हणालो, चौकशी चालू आहे. म्हणाला, मंगळवारी येतो, तोवर कशालाही हात लावू नका.

८.५०. मोतीलालभाऊ आले. पहिल्या रांगेत बसले.

९.३०. आप्पांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. दाराशी मोतीलालभाऊही उभे. आप्पांनी विचारलं, छगन, काय झालं ते सरळ सांग.

मी सरळच सांगायला लागलो होतो. पण मध्येच सतरा रूट आठवले. म्हणालो, पासवर्ड सतरा जणांकडे आहे, कोणीही पुसली असेल. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पुढे म्हणालो, टर्मिनलवर जास्त वेळ वना नानाच बसतात.

नाना पुढे आले. टोपी काढून टेबलावर ठेवली.  कुलदैवताची शपथ घेतो, म्हणाले, मला अजून एंटर सोडून दुसरं बटण माहीत नाही.

तेव्हा लोटन आबांनी घसा खाकरला आणि वहीचं पान काढलं. चौदा ऑक्टोबर. युनिक्स, सभासद यादीत नोंद नाही, सबब छगनभाऊंनी पुसली. खाली माझी सही. नको इतकी स्पष्ट.

११.००. मोळी टाकली. यादी आबांनी वहीतून माईकवर वाचली, कोणाचीही तक्रार आली नाही. म्हणजे कार्यक्रम तसा वेळेतच झाला. ऑर्डरचा विषय निघाला नाही. शर्टाचा खिसा छान झालाय.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

इंजिनिअर आला. आपल्या बॅगेतल्या फ्लॉपीवरून मशीन चालू केली, फाईल परत ठेवली. अठरा मिनिटं. दोन हजार दोनशे चौदाच्या चौदा नावं जागेवर! मी तेव्हापासून हेच सांगतोय की यादीला धक्का लागलेला नव्हता. उरलेला दिवस त्याने माझी ती एक कमांड निस्तरण्यात घालवला. जाताना रूटचा नवा पासवर्ड लोटन आबांना दिला. आबांनी त्याची सही घेतली.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

ऑर्डर आली. कायम! मदतनीस, शेतकी खाते, लोटन आबांच्या हाताखाली. आप्पा म्हणाले, वना नानांनीच शब्द टाकला. पोराचं लगीन अडी राहील, म्हणत होते.

नानांना भेटायला त्यांच्या घरापर्यंत गेलो. दार लावलेलं होतं. वाजवलं नाही.

रविवार, ३१ ऑक्टोबर

मोतीलालभाऊंनी आईकडे निरोप धाडला. त्यांची माझ्यावर काहीच नाराजी नाही. उलट म्हणाले, इतलं करीसन बी काढं नही, म्हंजे नौकरी पक्की शे. असा जावई शोधून सापडणार नाही.

मुलगी नाही म्हणाली.

फाईल पुसली म्हणून नाही. वडिलांनी दसऱ्याची सगळी हकिकत घरी सांगितली तेव्हा ती हसत होती म्हणे, नारळापर्यंत. मग म्हाताऱ्या नानांनी टोपी काढून ठेवली तिथे आली आणि तिचं हसणं थांबलं. म्हणाली, हातून चूक होते, त्याचं काही नाही. पण दुसऱ्याचं नाव घेणाऱ्या माणसाबरोबर मला नाही राहायचं.

हे बरोबर नाही. त्या क्षणी माझ्यावर केवढं दडपण होतं, हे तिला कळायला हवं. शिवाय मी नाव घेतलं नव्हतं, शक्यता सांगितली होती. शिवाय

दुपारभर बसलो, पुढचं शिवाय सुचलं नाही.

संध्याकाळी आईला विचारलं, मुलीचं नाव काय होतं. आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, आता कशाला?