कप्तान भोवऱ्याच्या मुखवट्याखाली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. समोर असतीस तर तुझ्या पायांवरून डोकं वर काढायची हिंमत झाली नसती, म्हणून पत्र. (कागद पाठकोरा आहे, राग मानू नकोस, चांगला कागद वापरावा असं या पत्रात काही नाही.) तुझी तब्येत ठणठणीत असेलच. नेमकी तीच अडचण आहे, पण ते मागाहून.

रेडिओवरचा आपला कप्तान भोवरा आठवतो ना? त्याच्यावर सिनेमा आलाय, आणि मी तो गुरुवारी दुपारी, जपाच्या वेळेला, एकटीने जाऊन पाहिला. लिहितानाही कान तापले. निघताना सासूबाईंना एवढंच म्हटलं, की ताईच्या तब्येतीची चौकशी करायला हवी. यात एक शब्द खोटा नाही. बहिणीची चौकशी करायलाच हवी. त्यांच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं, ते मी पुसलं नाही, एवढंच माझं पाप.

खरं तर मी नावं ठेवायलाच गेले होते. हल्ली जुन्याचं मातेरं करतात, तेव्हा एकदा पाहून मन विटवावं आणि गप जपाला बसावं. पण मेल्यांनी काही म्हणजे काही बदललं नाही गं. तीच दाराची कुरकुरती बिजागरी, तीच शीळ, दर वाक्याआधी खोकणारा तोच खलनायक (याला आधी कुणीतरी काढा पाजा, असं तू म्हणायचीस). कप्तानाचा कोटसुद्धा तोच, गुडघ्याखाली येणारा. (रेडिओवर कोट कुणी पाहिला होता? पण तोच होता.) शेजारी कामावरून परस्पर आलेल्या एक नर्सबाई होत्या. मी लाज सोडून त्यांचा दंड धरून बसले.

मग टोळी पकडली गेली आणि कप्तानाचा हात मुखवट्याकडे गेला. इथे काय व्हायचं ते तुला सांगायला नको. सातचा ठोका पडायचा, बाबा रेडिओ बंद करायचे, आणि आपण दोघी डोळे मिटून प्रार्थनेला लागायचो. एकाही श्रुतिकेचा शेवट आपण ऐकला नाही. ताई, माझे हात आपोआप जुळले, डोळे मिटले, आणि मी प्रार्थना सुरू केली. मोठ्याने. अर्ध्यात सोडू नये म्हणून शेवटच्या ओळीपर्यंत. मागे कुणी आजोबा "कोण गेलं?" असं विचारत होते. डोळे उघडले तर पुढची रांग मान खाली घालून उभी, पडद्यावर नावं सरकत होती आणि नर्सबाई माझी नाडी बघत होत्या. "काकू, सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "तोही सुखरूप आहे." तो म्हणजे कोण, हे विचारायला तोंड होतं कुठे? देवाचं नाव घेतल्याची लाज वाटावी, असा प्रसंग जन्मात पहिलाच.

घरी कुणालाही यातलं काही सांगू नकोस.

तोंड लपवून,
तुझी धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी सासूबाई तुला बघायला येताहेत. चारपासून अंथरुणात राहा. ताप मी सांगितलेला नाही, त्यांनीच गृहीत धरलाय. तेवढा असू दे.

ता. क. दुसरा. अंथरूण नको. माझ्या जपाच्या पिशवीत त्यांना तिकीट सापडलं. रागावल्या असत्या तर बरं होतं. आपल्या लहानपणी त्याही कप्तान ऐकायच्या म्हणे. एवढंच विचारलं, "मुखवट्याखाली कोण निघालं?" म्हटलं, देवाशपथ, माहीत नाही. तर म्हणाल्या, "तुझ्या ताईच्या तापावर विश्वास ठेवला, आता यावरही ठेवू?" तेव्हा रविवारी तीनच्या खेळाला तिघी जाऊ. मला मधे बसवा, आणि शेवट जवळ आला की दोघींनी माझा एकेक हात घट्ट धरा. मी सोडा म्हटलं तरी सोडू नका.